अकराव्या ताशी आलेले मजूर

आमच्या वावरात निंदणाला बाया सांगायच्या असल्या की आई आदल्या रात्री घरोघर फिरायची. रोज ठरलेला, वेळ ठरलेली. सकाळी आठाला बाई वावरात हवी. उशिरा आली तर रोज कापला जायचा, आणि त्यात कुणालाच गैर वाटत नसे. हिवरखेडला हाच हिशेब, तेल्हाऱ्याला हाच, अकोटाला हाच. कॉलेजात असताना अकोला स्टेशनवर कुणीतरी माझ्या हातात लहानसा मराठी 'नवा करार' ठेवला. घरी येताना मीटरगेजच्या गाडीत तो चाळत होतो आणि मत्तयाच्या विसाव्या अध्यायाशी थबकलो. गोष्ट मजुरीची होती.

द्राक्षमळ्याचा एक मालक पहाटे बाजारात जातो आणि एका दिनारावर मजूर ठरवतो. दिनार म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज. नवाच्या सुमारास तो पुन्हा जातो, मग बाराला, मग तीनला, आणि दिवस मावळायला तासभर राहिला असताना शेवटचं. तेव्हाही काही माणसं उभीच असतात. रिकामे का उभे, असं तो विचारतो. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं ती सांगतात. संध्याकाळी मालक सगळ्यांना एकेक दिनार देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले चिडतात. ठरलं तेवढं तुम्हाला दिलं, मग माझ्या चांगुलपणाचा तुम्हाला जाच का, असं तो त्यांना विचारतो.

घरी आल्यावर मी ही गोष्ट आईला सांगितली, कुठली ते न सांगता. ती डाळ निवडत होती. "मंग सकाळपासून राबलेल्यायनं काय घोडं मारलं?" ती लगेच म्हणाली. मला तेच अपेक्षित होतं. थोडा वेळ गेला, सुपातले खडे बाजूला पडत राहिले, आणि मान वर न करता ती म्हणाली, "पन जे पाचाले आली, तिच्या घरी बी सांजीले चूल पेटवाच लागते ना."

मी देव मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. तरी त्या गोष्टीनं माझ्या डोक्यातला न्यायाचा काटा हलवला तो कायमचा. तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे आहे: ज्याला ईश्वर, पुनरुत्थान, स्वर्ग-नरक यांपैकी काहीच पटत नाही, त्यानं येशूची नीती आपली म्हणून घ्यावी का, आणि घेतली तर ती टिकते का? प्रश्न माझा एकट्याचा नाही. महाराष्ट्रात तो दीडशे वर्षांहून जुना आहे, जगात त्याहून जुना. त्यावर कोण काय म्हणालं, कुणी काय करून पाहिलं, याची ही मांडणी.

आधी अडचण सांगतो. आपल्याकडे येशूविषयी आपुलकीनं बोललं की ऐकणारा एकच गोष्ट विचारतो: "बाटला का?" या शब्दात जात, सोवळं, जप्तीची भीती, सगळं आहे. वऱ्हाडात त्या शब्दामागे इतिहासही आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसं रस्त्यावर मरत होती, तेव्हा अकोल्यात अलायन्स मिशननं अनाथ मुलांना आसरा दिला. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय उभं राहिलं. अन्नाबरोबर धर्म आला, म्हणून संशयही आला. भुकेल्याच्या तोंडात घास घालताना त्याच्याकडून नाव बदलून घ्यावं का, ही शंका रास्त आहे असं मला वाटतं. त्या वर्षांत घास देणाऱ्या हातांत मिशनचे हात होते, हेही खरं आहे. दुसरीकडून पाद्री विचारतो, इतकं पटतं तर बाप्तिस्मा का घेत नाही? दोन्ही बाजूंना मधला माणूस नको असतो.

हा मधला माणूस महाराष्ट्रात एकदा थेट न्यायालयात उभा राहिला. तिघांनी शासकीय मुद्रणालयाकडे अर्ज केला होता की राजपत्रात आमच्या नावापुढचं 'ख्रिस्ती' काढून 'कोणताही धर्म नाही' असं छापा. त्यांचं म्हणणं विलक्षण होतं: येशूवर आमची श्रद्धा आहे, पण ख्रिस्ती धर्म किंवा दुसरा कुठलाच धर्म आम्ही मानत नाही, कारण येशूनं धर्म स्थापन केलाच नव्हता. अर्ज नाकारला गेला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठानं निकाल दिला की राज्यघटनेच्या २५व्या कलमातल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात 'मला धर्म नाही' असं म्हणण्याचा हक्कही येतो, आणि कोणतंही सरकारी कार्यालय कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. ते तिघे येशूला मानत होते, मी त्या अर्थानं मानत नाही. पण शिकवण आणि शिक्का या दोन गोष्टी कायद्यानंही वेगळ्या धरल्या, हे त्या निकालानं माझ्यासारख्याला दिलं. २०११ च्या जनगणनेत देशभरात ३३,३०४ जणांनी स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवलं, त्यांतले ९,६५२ महाराष्ट्रातले होते. न नोंदवलेले किती असतील, ते ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक.

शिकवण वेगळी काढण्याचा उद्योग दोन माणसांनी एकाच वर्षी केला. १८२० साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी शुभवर्तमानांच्या छापील प्रती घेऊन पात्यानं त्यांतली वचनं कापली आणि कोऱ्या पानांवर चिकटवून वही केली. चमत्कार गाळले, पुनरुत्थान गाळलं. थडग्यावर धोंड लोटली की वही संपते. त्याच वर्षी कलकत्त्यात राजा राममोहन रॉय यांनी येशूच्या उपदेशांचं इंग्रजी संकलन छापलं. त्यातही चमत्कारांना जवळपास थारा नव्हता. जेफरसनची वही त्यांच्या हयातीत छापलीच गेली नाही, म्हणजे राममोहनना तिची वार्ता असणं शक्य नव्हतं. दोघेही ईश्वर मानणारे होते, माझ्या पंथाचे नव्हेत. पण गाळणी त्यांनी तयार केली. आणि बंगालातल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी, विशेषतः जोशुआ मार्शमन यांनी, राममोहनवर जो हल्ला चढवला त्यातला मुद्दा आजही जिवंत आहे: येशू कोण हे बाजूला ठेवून तो काय म्हणाला एवढंच घ्यायचं, हे चालणार नाही.

मराठीत या वाटेवरचा पहिला मोठा माणूस जोतीराव फुले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री होती, त्यांच्या शाळा पाहून मुलींच्या शाळेची कल्पना पक्की झाली. ते बाटणार, असं पुण्यात कित्येकांना वाटत होतं. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी केलं ते अधिक धाडसाचं होतं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या ओळीत आणून बसवलं. ज्या बळीचं राज्य येवो म्हणून आमच्या घरची बाई भाऊबिजेला ओवाळते, त्या बळीचंच दुसरं रूप म्हणून येशू आला, गांजलेल्यांचा कैवारी म्हणून. धर्मांतर करून येशूकडे जाण्याऐवजी फुल्यांनी येशूला शेतकऱ्याच्या घरात घेतलं. ते निर्मिक मानत, नास्तिक नव्हते, हे विसरता कामा नये. तरीही त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाचं जे चित्र आहे, ते मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत उमदं चित्र वाटतं: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि एकमेकांचा हेवा न करता सगळे एका छपराखाली. आमच्या गावात असं एक घर अजून मला दाखवता येत नाही.

१८६७ च्या प्रार्थना समाजानंही ख्रिस्ती नीतीचं पाणी आपल्या पाटात वळवलं. त्या मंडळींनी ते पाणी तुकोबाच्या अभंगांत इतकं मिसळलं की कुठलं कुठून आलं ते ओळखू येईना. माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडे फार उत्तर नाही, कारण ईश्वर त्यांनी सोडला नव्हता.

ईश्वराचा आधार न घेता नीती उभी राहते, हे मराठीत ठामपणे मांडलं गोपाळ गणेश आगरकरांनी, आणि त्या माणसाची शाळा आमच्या जिल्ह्यात होती. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा गरीब मुलगा अकोल्याला येऊन शिकला, विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकाचा आधार त्याला मिळाला, आणि १८७५ मध्ये इथूनच तो मॅट्रिक झाला. पुढे मिल आणि स्पेन्सर त्यांच्या विचाराचे सोबती झाले. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढलं. चांगलं वागायला परलोकाची लालूच लागत नाही, भय लागत नाही, माणसाच्या सुखदुःखाचा विचार पुरतो, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

आगरकरांचा गुरू जॉन स्टुअर्ट मिल इथे महत्त्वाचा आहे. लहानपणापासून मिलला धर्माचं शिक्षणच मिळालं नव्हतं. उपयुक्ततावादावरच्या आपल्या निबंधात, जो १८६१ मध्ये आधी मासिकात आला, तो म्हणतो की आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं दुसऱ्याशी वागा, हा नाझरेथच्या येशूचा नियम म्हणजे उपयुक्ततेच्या नीतीचा पूर्ण आत्मा आहे. त्याच मिलनं १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त चर्चच्या नीतीवर कडक टीका केली: ती निष्क्रिय आहे, आज्ञाधारकपणाला डोक्यावर बसवते, 'करू नको' हे तिच्यात 'कर'पेक्षा जास्त आहे. येशूची वचनं एकीकडे आणि त्यांवर उभी केलेली चर्चची नीती दुसरीकडे, असा भेद तो करतो. माझ्या मते न मानणाऱ्याला हाच भेद लागतो. आगरकर अकोल्याच्या शाळेत ज्या बाकावर बसले असतील तिथून मिलच्या त्या पानापर्यंत एक सरळ वाट जाते, आणि ती वाट चर्चमधून जात नाही.

१८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. टिळकांची सुरुवात आमच्याच विदर्भातल्या रेल्वेत झाली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थानं त्यांना बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. ते पुढे पूर्णपणे श्रद्धेच्या वाटेनं गेले, म्हणून ते माझं उदाहरण नव्हे. पण आयुष्याच्या शेवटी त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना फार मानतो. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तिथे बरोबरीनं बसणार होते. बाप्तिस्म्यासाठी ज्याच्या घरात होळी पेटली होती, बायको वर्षानुवर्षं दुरावली होती, त्या माणसानं बाप्तिस्म्याची अट काढून टाकावी! अटीची किंमत त्यांनी स्वतः मोजलेली होती. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार वाढायचा राहिला. उंबरठ्यावर बसलेल्यांसाठी मराठीत कुणी पाट मांडला असेल तर तो इथे.

आता पुन्हा त्या मजुरांकडे. ती गोष्ट विदर्भात आधीच येऊन राहिली होती, माझ्या हातातल्या छोट्या पुस्तकाच्या कितीतरी आधी. इंग्रज लेखक जॉन रस्किन कट्टर ख्रिस्ती घरात वाढला. १८५८ मध्ये इटलीतल्या तुरिनला त्याची ती श्रद्धा गळून पडली. आणि दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, त्यानं अर्थशास्त्रावर निबंध लिहिले त्यांचं नाव याच दृष्टांतातून घेतलं: 'अन्टू धिस लास्ट', या शेवटच्यालाही. मजुरी बाजारभावानं ठरू नये, माणसाच्या जगण्यानं ठरावी, असं तो म्हणत होता. लंडनच्या वाचकांना हे इतकं झोंबलं की मासिकाला चार निबंधांवर मालिका आवरावी लागली. म्हातारपणाकडे रस्किन आपल्या पद्धतीनं पुन्हा काही श्रद्धेकडे वळला, पण हे निबंध श्रद्धा हरवलेल्या वर्षांतले आहेत. नीतीची गोष्ट त्याच्या हातात राहिली होती, संप्रदाय सुटला होता.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाणाऱ्या गाडीत गांधींनी हे पुस्तक वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. वकिलाच्या कामाची आणि न्हाव्याच्या कामाची किंमत एकच, हे त्यांना त्यात सापडलं. १९०८ मध्ये त्यांनी गुजरातीत सार काढलं, नाव दिलं 'सर्वोदय'. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले. म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या द्राक्षमळ्यातले संध्याकाळचे मजूर तुरिन, लंडन, डर्बन करत विदर्भातल्या पऱ्हाटीच्या रानात पोचले. १९७७ च्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यात काम मागणाऱ्याला काम मिळण्याचा हक्क लिहिला आहे. त्याचा आणि या दृष्टांताचा कागदोपत्री संबंध मी जोडत नाही. पण 'आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही' या वाक्याला एखाद्या राज्यानं कायद्यानं उत्तर दिल्याचं वाचलं की मला अकोल्याच्या ठिय्यावर दुपारी बारापर्यंत उभी असलेली माणसं आठवतात.

असाच एक हातबदल कुष्ठसेवेत झाला. या भागात महारोग्याला हात लावणारे बराच काळ मिशनरीच होते. मग १९३६ मध्ये मनोहर दिवाण वर्ध्याजवळ दत्तपूरला बसले, १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारलं, १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनाची कुदळ मारली. यांच्यापैकी कुणी ख्रिस्ती झालं नाही, कुणाला व्हावं लागलं नाही. बाबांना १९९० मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला, चार्ल्स बर्च यांच्याबरोबर विभागून. तो पुरस्कार तेव्हा धर्मक्षेत्रातल्या कामासाठी दिला जाई. ज्या माणसाचं सगळं काम जखमा, माती आणि श्रम यांत होतं, त्याला तो मिळाला, याचा मला आनंद वाटतो.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की सगळं सोपं आहे. गोड तेवढं घ्या, बाकी ठेवा. तसं नाही. या भूमिकेवरचे आक्षेप जड आहेत आणि त्यांतले काही मला अजून पुरते उचलता आलेले नाहीत.

बर्ट्रांड रसेल यांनी ६ मार्च १९२७ रोजी लंडनच्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये 'मी ख्रिस्ती का नाही' हे व्याख्यान दिलं. येशूची काही वचनं त्यांनी मनापासून मान्य केली: प्रतिकार करू नका, न्याय करत बसू नका, मागेल त्याला द्या. मग ते म्हणाले की ज्याचा नरकाच्या चिरंतन शिक्षेवर विश्वास आहे, त्याच्या नीतीत मोठा दोष आहे. शहाणपणात आणि सद्गुणात मी बुद्धाला आणि सॉक्रेटिसाला वर ठेवीन, असंही ते म्हणाले. रसेलांचा हा विवेकवाद आमच्याकडे आणला दि. य. देशपांडे यांनी. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं आणि एप्रिल १९९० मध्ये नागपूरहून 'आजचा सुधारक' सुरू केला, आगरकरांच्या पत्राचं नाव मुद्दाम पुढे चालवत. नरकाच्या बाबतीत रसेल बरोबर आहेत असं मला वाटतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न देण्याची जी अपूर्व शिकवण आहे, तीच न देणाऱ्याला कायमच्या अग्नीत लोटून संपते. शेवटची ओळ मी घेत नाही. पण घेत नाही, हे मोठ्यानं म्हणायला हवं. ती तिथे नाहीच असं भासवू नये.

श्रद्धावान ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस यांचा आक्षेप उलट्या बाजूचा. युद्धकाळातल्या रेडिओ व्याख्यानांत, जी १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली, ते म्हणाले की येशू 'थोर नीतिशिक्षक' होता, एवढंच म्हणायची सोय त्यानं ठेवलेलीच नाही. जो स्वतःला देव म्हणवतो तो देव तरी असेल, वेडा तरी, नाहीतर फसवणारा. युक्तिवाद तडफदार आहे, पण मला अडवत नाही. माझा करार त्या माणसाच्या दाव्याशी नाही, त्या वाक्याशी आहे. योहानातली दगड मारायला निघालेल्या जमावाची गोष्ट घ्या. तुमच्यापैकी निष्पाप असेल त्यानं पहिला दगड टाकावा, हे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध वाक्यांपैकी एक. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती गोष्ट नाही, नंतर घातलेली आहे. श्रद्धावानाला त्यामुळे घोर लागेल. मला लागत नाही. जातपंचायतीसमोर उभ्या केलेल्या बाईला ते वाक्य कुणी लिहिलं यानं फरक पडत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा घाव खोल आहे. इंग्लंडमधली जॉर्ज एलियट तरुणपणी श्रद्धेपासून सुटली. १८४६ मध्ये स्ट्राउसचं येशूचरित्र आणि १८५४ मध्ये फॉयरबाख तिनं इंग्रजीत आणला, आणि पुढे कादंबऱ्यांतून करुणेची नीतीच सांगत राहिली. तिचंच नाव घेऊन नीत्शे म्हणाला की देव गेला की या लोकांना नीती अधिकच घट्ट धरावीशी वाटते. पण ख्रिस्ती नीती हा एक सबंध वाडा आहे, मधला खांब काढला की छप्पर उरत नाही. पाश्चात्त्यांपुरतं ते खरं असेल. आपल्याकडे मात्र ती नीती कधीच एका खांबावर नव्हती, आणि याचा पुरावा मला गाडगेबाबांमध्ये दिसतो.

१८७६ मध्ये अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावला परटाच्या घरी जन्मलेला, लिहितावाचता न येणारा हा माणूस दगडात देव नाही हे कीर्तनातून सांगत फिरला. बाबांची दशसूत्री आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर असते. ती मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून पाहा. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याची सेवा: पाच गोष्टी दोन्हीकडे एकच आहेत. कुणी कुणाकडून घेतल्या असं मला मुळीच म्हणायचं नाही. मग ज्यांत फरक आहे ते बघा. मत्तयात तुरुंगातल्या माणसाची भेट आहे, ती बाबांच्या यादीत नाही. बाबांकडे गरीब मुलांचं शिक्षण, बेकाराला काम, गरिबाच्या मुलामुलीचं लग्न, मुक्या जनावराला अभय आणि खचलेल्याला धीर आहे. ते मत्तयात नाही. आणि बाबांच्या यादीत नरक नाही.

तेव्हा मला विचारलं जातं, आणि बरोबर विचारलं जातं: घरात गाडगेबाबा असताना येशूकडे कशाला? बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला, त्यात हा प्रश्न मुळापासून सोडवला आहे. येशूनं स्वतःला देवाचा पुत्र म्हणवलं आणि ते मानल्याशिवाय प्रवेश नाही. बुद्धानं स्वतःसाठी काहीच जागा मागितली नाही, तो वाट दाखवणारा राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी जी वाट धरली ती या विचारावर उभी होती. आमच्या तालुक्यातल्या कित्येक घरांत आज त्यामुळे देवाविना नीती ही रोजची, बोलीभाषेतली गोष्ट आहे. बाबासाहेबांचा युक्तिवाद मला पूर्ण पटतो. येशूच्या गळ्यात मी तरी 'वाट दाखवणारा' याहून मोठं काही घालत नाही.

तरीही येशूकडे मी परत येतो ते दोन गोष्टींसाठी, ज्या इतक्या टोकदारपणे मला दुसरीकडे सापडल्या नाहीत. एक, दुसरा गाल. सोसणाऱ्याला आणखी सोसायला सांगणारी शिकवण म्हणून मी तिचा तिरस्कार करत असे. ज्यांच्या पिढ्या मार खात आल्या त्यांना हे सांगायची कुणाची छाती आहे? मग वॉल्टर विंक या अमेरिकी धर्मअभ्यासकाचं वाचन कळलं. मूळ वचनात गाल 'उजवा' आहे. उजव्या हातानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर पालथ्या हातानंच मारावं लागतं, आणि पालथा हात मालक गुलामावर टाकतो. डावा गाल पुढे करणं म्हणजे सांगणं, की मारायचंच तर बरोबरीचा समजून मार. हे वाचन सर्वांना मान्य नाही. पण चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरणारी माणसं मला त्यातून दिसतात.

दुसरी गोष्ट ऋणाची. प्रभूच्या प्रार्थनेत लूक 'पाप' म्हणतो, मत्तय 'ऋण' म्हणतो, आणि मराठी बायबलनं तो शब्द तसाच ठेवला. वऱ्हाडात या शब्दाला काय वजन आहे ते सांगायला नको. सातबाऱ्यावर बोजा चढलेलं प्रत्येक घर तो जाणतं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा माफ करतो. एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांच्या देणेकऱ्याचा गळा धरतो. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन कर्जमाफ्या आमच्या गावानं पाहिल्या. वरून सुटलेलं कर्ज खालच्या हातउसन्यापर्यंत सुटत गेलंय का, हे मी गावाला विचारायच्या आधी स्वतःला विचारलं पाहिजे.

कारण माझ्या वहीत एक नाव आहे. बोअरसाठी त्यानं माझ्याकडून पैसे नेले, बोअर कोरडी गेली, त्यानंतरची दोन वर्षं कापूस बोंडअळीनं नेला. मी कधी मागितले नाहीत आणि त्याचाच मला अभिमान वाटायचा. मागितले नाहीत म्हणजे सोडले असं नव्हे, हे त्या अध्यायानं मला दाखवलं. मी गप्प आहे, त्यामुळे तो अजून देणेकरीच आहे. पाराजवळ मी बसलेला दिसलो की तो बसस्टँडकडून वळसा घालून जातो. गेल्या पोळ्यालाही बैल घेऊन तो मागच्या गल्लीनंच गेला, झुलींच्या घुंगरांचा आवाज मला ऐकू आला. मी उठलो होतो, चपलाही घातल्या होत्या. मग पुन्हा बसलो. ते पान अजून वहीत आहे.